मुलुंड ते सांकरी, एकटीने, आपल्याच गाडीने

मुलुंड_चेकनाका | ८ सप्टेंबर, रात्री १०:४२

ऑक्टोबरात अठरा दिवसांची सुट्टी मंजूर झालीय. साहेबांनी सही केली तेव्हा ते फोनवर दुसऱ्याच कुणावर तरी ओरडत होते, त्यामुळे त्यांच्या लक्षात यायच्या आत निघालेलं बरं.

हर की दूनचा ट्रेक करायचाय. ट्रेक जिथून सुरू होतो त्या सांकरी गावापर्यंत (उत्तराखंड, उत्तरकाशी जिल्हा) मुंबईहून स्वतः गाडी चालवत जायचंय. सुमारे १,९०० किमी एका बाजूने. सोबत कोणी नाही. ट्रेकचा जुना ग्रुप होता, पण आता एकाचे गुडघे, दुसरीची दहावीतली मुलगी, तिसरा कॅनडात.

गाडी २०१७ ची पेट्रोल हॅचबॅक, १२०० सीसी, ६१ हजार किमी झालेत. चालक ४७ वर्षांची, बावीस वर्षं गाडी चालवतेय. एका दिवसात सर्वात लांब म्हणजे मुलुंड ते गणपतीपुळे. सह्याद्रीत भरपूर फिरलेय, त्यामुळे चालण्याची भीती नाही. भीती आहे ती बसण्याची.

विमानाने डेहराडूनला जाता येतं हे मला ठाऊक आहे. तो सल्ला कृपया नको.

टप्पे कसे पाडावेत? दिल्ली टाळता येते का? गाडीचं काय काय बघून घेऊ? आईचा एकच प्रश्न आहे, "चार दिवस गाडीत बोलणार कोणाशी?" त्याचं उत्तर असेल तर तेही द्या.

---

शेंगदाण्याची_चटणी | ८ सप्टेंबर, रात्री १०:५५

विमानाने का नाही जात? डेहराडूनला उतरायचं, पुढे टॅक्सी. स्वस्तही पडेल.

---

मुलुंड_चेकनाका | ८ सप्टेंबर, रात्री १०:५८

दंडवत घ्या.

---

घाटरस्ता | ९ सप्टेंबर, सकाळी ७:१०

या रस्त्याने तीनदा गेलोय, दोनदा एकटा. सविस्तर लिहितो.

पहिला दिवस, मुलुंड ते हिंमतनगर, ६०० च्या आसपास. पहाटे साडेतीनला निघा, चारला नाही. घोडबंदर रोडवर गायमुखच्या चढाला एक ट्रेलर बंद पडला की तुमचा वर्सोवा पूल दोन तास लांब जातो. चारोटीला उजेड झाला पाहिजे, सुरत न्याहारीच्या आत मागे पडली पाहिजे. उदयपूर त्याच दिवशी गाठणारे लोक आहेत. मी पण गाठलंय. दुसऱ्या दिवशी त्याचं व्याज भरावं लागतं.

दुसरा दिवस, हिंमतनगर, उदयपूर, किशनगढ. जेमतेम पाचशे. शामलाजीला टाकी काठोकाठ भरा. गुजरातेतलं पेट्रोल राजस्थानपेक्षा लिटरमागे आठ-दहा रुपयांनी स्वस्त असतं. राजस्थानात लागेल तेवढंच घालून पुढे हरियाणात पुन्हा फुल.

तिसरा दिवस, किशनगढ ते कर्नाल. दिल्लीत शिरायचंच नाही. जयपूरनंतर मानेसरला केएमपी (कुंडली-मानेसर-पलवल द्रुतगती मार्ग) धरायचा आणि कुंडलीला थेट जुन्या जीटी रोडवर बाहेर पडायचं.

चौथा दिवस, कर्नाल, यमुनानगर, पांवटासाहिब, विकासनगर. तिथून यमुनेच्या कडेकडेने नैनबाग, डामटा, नौगाव, पुरोला. मसुरीच्या गर्दीत जायचं कारणच नाही. मुक्काम पुरोल्यात. सांकरी तिथून फक्त पन्नास-पंचावन्न किमी दिसते म्हणून मोह होईल. आवरा. डोंगरात अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही, आणि एकट्याने तर अजिबात नाही.

पाचव्या दिवशी सकाळी मोरी, नैटवाडमार्गे सांकरी.

फास्टॅगचा वार्षिक पास काढा, २०० फेऱ्या मिळतात. फक्त राष्ट्रीय महामार्गांवर चालतो. केएमपी राज्याचा आहे, तिथे नेहमीच्या शिलकीतून कापतात, म्हणून शिल्लक ठेवा.

आणि स्टेपनी बघून घ्या.

---

पोळीभाजी_डबा | ९ सप्टेंबर, सकाळी ९:३१

वाचतेय. चारोटीला चहा घेऊ नका, मनोरला घ्या. कारण विचारू नका.

---

कोकणी_खवचट | ९ सप्टेंबर, सकाळी ११:०४

चार दिवस बसायचं, मग पाच दिवस चालायचं, मग परत चार दिवस बसायचं. यापेक्षा रतनवाडीला जा, शनिवारी जाऊन रविवारी परत. डोंगर तोच, दगड तोच, भजी जास्त चांगली.

---

मुलुंड_चेकनाका | ९ सप्टेंबर, दुपारी १:२०

घाटरस्ता, प्रिंट काढून घेतली, खरंच. पेट्रोलचा हिशोब केला. ३,८०० किमी, १७ चं ॲव्हरेज धरलं तर सव्वादोनशे लिटर, म्हणजे बावीस-तेवीस हजार. विमान आणि टॅक्सी यापेक्षा स्वस्त आहे, मान्य. पण मला अरवली कुठे सुरू होते ते बघायचंय, गहू कुठे सुरू होतो ते बघायचंय. ढगांवरून ते दिसत नाही.

खवचट, रतनवाडीला अकरा वेळा गेलेय. भजी खरंच चांगली.

स्टेपनी बघितली. आहे.

---

गोळ्या_औषधं | ९ सप्टेंबर, रात्री ९:४५

डॉक्टर म्हणून दोन-तीन गोष्टी.

झोप. शरीराचं घड्याळ दोन वेळा खाली जातं, पहाटे साधारण ३ ते ५ आणि दुपारी २ ते ४. पहाटे साडेतीनला निघणार असाल तर आदल्या रात्री आठला आडवं व्हा, नाहीतर तो लवकर निघण्याचा फायदा खोटा आहे. दुपारी जेवण हलकं ठेवा. डोळे जड झाले, मागचे दोन किमी कसे आले ते आठवेना, की गाडी पेट्रोल पंपावर घ्या, कॉफी प्या आणि लगेच वीस मिनिटं झोपा. कॉफी चढायला तेवढाच वेळ लागतो. काच खाली करणं, गाणी मोठ्याने लावणं, गालावर पाणी मारणं, यातलं काहीही झोपेवर चालत नाही.

दर दोन तासांनी उतरून पाच मिनिटं चाला. पाय लटकवून बारा तास बसलं की पोटऱ्यांत रक्त साकळतं.

उंची. सांकरी दोन हजार मीटरच्या आतबाहेर, हर की दून ३,५६६. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी चालायला लागू नका, एक दिवस गावात घालवा. ३,००० च्या वर मुक्कामाची उंची दिवसाला ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका. डोकं दुखतंय आणि मळमळतंय तर वर जायचं नाही. गोळी घ्यायची की नाही ते तुमच्या डॉक्टरांना विचारा, धाग्याला नको.

---

वसईचं_सुकेळं | १० सप्टेंबर, रात्री १२:१५

खायला वसईची सुकेळी न्या. पानात गुंडाळलेली, न फुटणारी, न सांडणारी, महिनाभर टिकणारी. एनर्जी बारवाले आमच्या आज्जीपुढे काल आले.

अवांतर: विकासनगरवरून जाताय तर थोडी वाट वाकडी करून कालसीला थांबा. अशोकाचा शिलालेख आहे, चौदाच्या चौदा लेख एका दगडावर. त्यातल्याच आठव्या लेखाचा तुकडा १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींना आमच्या सोपाऱ्यात सापडला. आमच्याकडे तुकडा, तिकडे अख्खा. आणि आठवा लेख कशाबद्दल आहे? प्रवासाबद्दल. आधीचे राजे मौजेसाठी आणि शिकारीसाठी विहारयात्रा करत, मी मात्र संबोधीला गेलो आणि तेव्हापासून धर्मयात्रा सुरू केल्या, असं सांगतोय. नालासोपाऱ्यावरून उत्तरेकडे जाणाऱ्याने बघायलाच हवा.

---

कोकणी_खवचट | १० सप्टेंबर, सकाळी ८:२०

म्हणजे विमानाने का नाही गेलात हे अशोकालाही कोणीतरी विचारलं असणार.

---

घाटरस्ता | २ ऑक्टोबर, सकाळी ६:५०

धागा वर काढतोय. निघायची वेळ आली ना? उतारावर गाडी न्यूट्रलला टाकायची नाही. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, ब्रेक थंड राहतात. टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाची ताकद दर हजार मीटरला दहाएक टक्के कमी होते, त्यामुळे गाडी ओढत नाही म्हणून घाबरू नका. टायरची हवा गार असताना बघा. हवा भरायचा छोटा कंप्रेसर घ्या, बाराव्या सॉकेटला लावायचा. स्टेपनी बघितली ना?

---

मुलुंड_चेकनाका | २ ऑक्टोबर, सकाळी ८:०५

हो हो, बघितली. गॅरेजवाल्याने पण "सगळं चेक केलं मॅडम" म्हटलं. कंप्रेसर राहू दे, वाटेत पंप आहेतच. "बाराव्या सॉकेटला" म्हणजे बारा व्होल्टच्या ना?

---

घाटरस्ता | २ ऑक्टोबर, सकाळी ८:०९

हो. हात फिरला.

---

मुलुंड_चेकनाका | ८ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:३०

हिंमतनगर. ६०८ किमी. घोडबंदरने अपेक्षेप्रमाणे चाळीस मिनिटं खाल्ली. डावा गुडघा दुखतोय. क्लचचा गुडघा. आणि तो गुजरातेत नाही दुखला, गायमुखलाच दुखला.

---

मुलुंड_चेकनाका | ९ ऑक्टोबर, संध्याकाळी ५:४०

किशनगढ. रस्त्यात संगमरवराचे ठोकळे वाहणारे ट्रक. एकेका ट्रकवर दोन-तीनच दगड, त्यांना बांधलेला दोर बघितला की ओव्हरटेक करायची हिंमत होत नाही आणि मागे राहायचीही नाही. दुपारी पावणेतीनला भिलवाड्याच्या अलीकडे मागचा एक टोलनाका आठवेना. पैसे कापल्याचा मेसेज होता, नाका मात्र डोक्यात नव्हता. डॉक्टरसाहेब, थांबले, कॉफी प्यायले, सीट मागे केली, अठरा मिनिटं झोपले. धन्यवाद हा शब्द कमी पडतो.

---

गोळ्या_औषधं | ९ ऑक्टोबर, रात्री ८:००

हे वाचून बरं वाटलं आणि पोटात गोळाही आला.

---

मुलुंड_चेकनाका | १० ऑक्टोबर, संध्याकाळी ७:१५

कर्नाल. आज सांगण्यासारखं काही नाही. केएमपीवर दोन्ही बाजूंना काही नाही, आणि ते बराच वेळ.

---

पोळीभाजी_डबा | १३ ऑक्टोबर, सकाळी १०:००

तीन दिवस झाले, पोचल्या का?

---

कोकणी_खवचट | १३ ऑक्टोबर, सकाळी १०:४४

रेंज नसेल. (मीही रोज येऊन बघतोय, पण हे कोणाला सांगू नका.)

---

मुलुंड_चेकनाका | २६ ऑक्टोबर, दुपारी ४:१०

घरी पोचले. एकूण ३,९४० किमी. ट्रेकचा वेगळा धागा काढेन, इथे रस्त्याचंच लिहिते, कारण विचारलं होतं रस्त्याबद्दल.

विकासनगरपर्यंत सगळं छान. मग एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाली यमुना, पाणी हिरवं. रस्ता बरा, पण पावसाळ्यात आलेल्या दरडींचा मलबा जागोजागी बाजूला सारून ठेवलेला. डामट्याच्या थोडं पुढे समोरून बस आली, मी डोंगराच्या बाजूला दाबली आणि एका धारदार दगडावरून डावं पुढचं चाक गेलं. टायरची भिंतच फाटली, बोटभर. तिथे बत्ती (पंक्चर बुजवायची रबरी पट्टी) लागत नाही हे मलाही माहीत होतं. म्हटलं ठीक आहे, स्टेपनी आहे.

पहिली गंमत. गॅरेजवाल्याने नट मशीनने आवळलेले. गाडीसोबत येणारा एल पाना हाताने हलेना. मग पान्यावर उभी राहिले, शब्दशः, टपाचा आधार धरून, एकेका नटावर. चार नट सुटले तेव्हा घामाने भिजले होते.

दुसरी गंमत तुम्ही ओळखलीच असेल. चाक बसवलं, जॅक खाली घेतला आणि गाडी खाली येतच राहिली. स्टेपनी होती. बघितली होती. आत हवा नव्हती. आठ वर्षांत एकदाही लागली नाही, आठ वर्षांत एकदाही कोणी तिच्यात हवा भरली नाही. घाटरस्त्यांनी दोनदा विचारलं, दोनदा मी "बघितली" लिहिलं, आणि दोन्ही वेळा ते खरं होतं.

पंप मागे विकासनगरला, नाहीतर पुढे नौगावला. फोनला एक कांडी. तासाभराने सफरचंदाच्या पेट्यांनी भरलेली पिकअप खाली जाताना थांबली. चालक विशीतला असेल. त्याने चाकाकडे बघितलं, माझ्या नंबरप्लेटकडे बघितलं आणि म्हणाला, "मैडम, मुंबई से बिना हवा के आई हो?" त्याच्याकडे पायाने मारायचा पंप होता. शंभर त्याने मारले, शंभर मी, पुन्हा शंभर त्याने. काटा तिसावर आला. पैसे घेईना. मग मी सुकेळी दिली, त्याने एक पेटी फोडून सहा सफरचंदं दिली. वसईचं_सुकेळं, तुमच्या आज्जीचा रुपयाचा माल डामट्याला सव्वा रुपयाला खपला.

पुरोल्यात अंधार पडायच्या दहा मिनिटं आधी पोचले. फाटलेल्या टायरला तिथल्या माणसाने आतून गेटर (टायरचाच जाड तुकडा) लावून दिला आणि बजावलं, याला मागे टाका, पुढे नको, आणि हळू. मापाचा नवा टायर तिथे नव्हता, तो येताना विकासनगरला मिळाला. पुरोल्याच्या भोवती भाताची खाचरं आहेत, लाल तांदूळ, कापणी चालली होती. इतक्या उंचीवर एवढी सपाट खाचरं बघून क्षणभर भंडारदऱ्याला आल्यासारखं वाटलं.

सांकरीच्या आधी नैटवाडला वनखात्याचा नाका आहे, गोविंद पशु विहाराचा. ओळखपत्र, परवान्याचे पैसे. रुपिन आणि सुपिन या दोन नद्या तिथेच मिळतात आणि पुढे टोन्स होते. सांकरीत गाडी एका होमस्टेच्या अंगणात लावली. पुढे तालुका नावाच्या गावापर्यंत रस्ता आहे, पण त्यावर ओढे वाहतात, तिथे गावच्या जीपनेच जावं. एक दिवस सांकरीत काढला, त्यातले अकरा तास झोपले. वाटाड्या गावातलाच घेतला. गाडी एकटीने चालवली म्हणून डोंगरही एकटीने चढायचा असा हट्ट नव्हता.

आता जे मला आधी कोणीतरी सांगायला हवं होतं ते. परतीचं. तालुक्यापासून एका बाजूने पंचवीसेक किमी चाल, म्हणजे जाऊन-येऊन पन्नास, आणि शेवटचा दिवस सगळा उतार. बुटात बोटं पुढे आपटून दोन्ही अंगठ्यांची नखं काळी झाली. चालताना काही नाही, सांकरीला आले तेव्हाही काही नाही. दुसऱ्या दिवशी गाडीत बसले, डाव्या पायाने क्लच दाबला आणि डोळ्यांपुढे काजवे. डावा अंगठा सुजलेला, पूर्ण क्लच दाबायला पायाचं बोटच लागतं हे मला बावीस वर्षांत माहीत नव्हतं. टाचेने दाबून बघितलं, उतारावरच्या वळणांत ते धोक्याचं आहे. शेवटी बूट काढून, चार पदरी मोजा घालून, पावलाच्या मधल्या भागाने दाबत विकासनगर गाठलं. एरवी सहा तासांचा रस्ता नऊ तासांत. तिथे दोन रात्री मुक्काम केला. माझ्या आराखड्यात जायला पाच दिवस होते आणि यायला चार. उलटं पाहिजे. जाताना पाय ताजे असतात.

---

घाटरस्ता | २६ ऑक्टोबर, दुपारी ४:५२

चूक माझी पण आहे. "स्टेपनीत हवा बघा" असं लिहायला हवं होतं. तीनदा गेलो, पण कायम ट्रेकविना. नखांचा विचार कधीच आला नाही.

---

वसईचं_सुकेळं | २६ ऑक्टोबर, संध्याकाळी ७:३०

दोन रात्री विकासनगरला म्हणजे कालसी?

---

मुलुंड_चेकनाका | २६ ऑक्टोबर, रात्री ९:१५

गेले ना. चपला घालून, लंगडत. दगडावर घुमटाची छोटी इमारत बांधलीय. ब्राह्मी मला ओ की ठो येत नाही, त्यामुळे आठवा लेख कुठला ते कळलं नाही. सगळाच बघितला. एका बाजूला हत्ती कोरलाय, रेषा अगदी बारीक, तिरक्या उजेडात एकदम दिसतो आणि मान हलवली की जातो. खाली अक्षरं आहेत, गजतमे. सगळ्यांत श्रेष्ठ हत्ती.

पण मला जे लक्षात राहिलं ते वेगळंच. कालसीजवळ टोन्स यमुनेला मिळते, आणि मिळताना टोन्सला यमुनेपेक्षा पाणी जास्त असतं. ते पाणी म्हणजे मी सहा दिवस ज्याच्या काठाने चालले, ज्यात बाटली भरली, तेच. मी गाडीने नऊ तासांत आले, ते आधीच येऊन पुढे गेलं होतं.

---

शेंगदाण्याची_चटणी | २६ ऑक्टोबर, रात्री ९:४०

सुंदर. आईंच्या प्रश्नाचं काय झालं? बोललात कोणाशी?

---

मुलुंड_चेकनाका | २६ ऑक्टोबर, रात्री ९:५२

पहिले दोन दिवस गाडीशी. तिसऱ्या दिवशी केएमपीवर मोठ्याने पाढे म्हटले, एकोणतीसपर्यंत येतात अजून. नंतर आईशीच. रोज रात्री फोन केला की पाऊण तास. एरवी मुलुंडात एका घरात राहून एवढं बोलत नाही आम्ही.

---

कोकणी_खवचट | २७ ऑक्टोबर, सकाळी ७:०२

माझी सीएनजी आहे. चालेल का? नुसतं विचारतोय.

---

घाटरस्ता | २७ ऑक्टोबर, सकाळी ७:३०

यमुनानगरपर्यंत चालेल. त्यानंतर सीएनजी धरू नका, पेट्रोलवर टाका, चढालाही तेच बरं. डिकी सिलिंडरने खाल्लेली असेल, सामान मागच्या सीटवर. स्टेपनी कुठे आहे तुमची?

---

कोकणी_खवचट | २७ ऑक्टोबर, सकाळी ७:३३

थांबा, खाली जाऊन बघतो.